विसरलेल्या पॉप गाण्यांची संकलनं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

साठ-सत्तरच्या दशकांत थोड्याशा प्रती निघून गडप झालेली पॉप गाणी शोधून, एकत्र करून पुन्हा बाजारात आणणाऱ्या छोट्या कंपन्या आता बऱ्याच देशांत आहेत. ही संकलनं नव्याने ऐकायला लागलेल्यांकडून पुन्हापुन्हा येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. उत्तरं एकाच माणसाची आहेत, त्यामुळे त्यात आवडीनिवडी डोकावणारच.

‘बेस्ट ऑफ’ आणि पुनर्प्रकाशित संकलन यांत फरक काय?

‘बेस्ट ऑफ’मधली गाणी तुम्हाला आधीच ठाऊक असतात. टेप कंपनीच्या कपाटात असते, हक्क तिचेच असतात, मुखपृष्ठ बदललं की काम झालं. आपण इथे ज्यांच्याबद्दल बोलतोय त्या संकलनांत वीस गाणी असतील तर ती पंधरा वेगवेगळ्या कंपन्यांची असू शकतात, आणि त्यातल्या निम्म्या कंपन्या कधीच बंद पडलेल्या असतात. कुणीतरी वर्षानुवर्षं त्या रेकॉर्ड्स गोळा केलेल्या असतात, हक्क आता कोणाकडे आहेत याचा माग काढलेला असतो, गायक हयात असेल तर त्याला गाठलेलं असतं. मग ही गाणी एका सूत्रात बसवायची. ते सूत्र एखादं शहर असेल, एखादं वर्ष असेल, बंद पडलेली एकच कंपनी असेल किंवा नुसतं एखादं वाद्य.

याची सुरुवात कुठून झाली?

दोन नावं घ्यावीच लागतात. पहिलं हॅरी स्मिथ यांचं. १९५२ मध्ये फोकवेज कंपनीसाठी त्यांनी स्वतःच्या संग्रहातल्या ७८च्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या) तबकड्यांमधून ८४ ध्वनिमुद्रणं निवडली आणि ‘अँथॉलॉजी ऑफ अमेरिकन फोक म्युझिक’ काढलं. ध्वनिमुद्रणं तेव्हा जेमतेम वीस-पंचवीस वर्षांपूर्वीची होती, पण तिशीच्या दशकातल्या मंदीने मूळ बाजार बुडवला होता आणि गायक कुठे आहेत कोणालाच माहीत नव्हतं. स्मिथ यांनी एक खोडकरपणाही केला. गायक गोरा की काळा हे संचासोबतच्या पुस्तिकेत कुठेच लिहिलं नाही, त्यामुळे ऐकणाऱ्यांचे अंदाज सपशेल चुकायचे. त्या संचात मिसिसिपी जॉन हर्ट हे एक गायक होते. त्यांच्या दुसऱ्या एका जुन्या गाण्यात अ‍ॅव्हलॉन या गावाचा उल्लेख होता. त्यावरून माग काढत एक चाहता १९६३ मध्ये त्या गावात पोचला आणि हर्ट तिथेच सापडले. त्यानंतर १९६६ मध्ये निधन होईपर्यंत त्यांनी पुन्हा मैफिली केल्या, नवी ध्वनिमुद्रणं केली.

ते लोकसंगीत झालं. पॉपसाठी दुसरं नाव, ‘नगेट्स’. इलेक्ट्रा कंपनीने १९७२ मध्ये काढलेला दोन तबकड्यांचा संच, २७ गाणी, संकलक लेनी के. पुढे ते गायिका पॅटी स्मिथ यांचे गिटारवादक म्हणून प्रसिद्ध झाले, पण तेव्हा रेकॉर्ड्सबद्दल लिहिणारा एक तरुण एवढीच त्यांची ओळख होती. गंमत अशी की यातली काही गाणी पाच-सहा वर्षांपूर्वी अमेरिकेत चांगली वाजलेली होती. इतक्यात ती जुनी झाली होती, कारण मधल्या काळात रॉक स्वतःला फार गंभीरपणे घ्यायला लागलं होतं. तीन मिनिटांत आरडाओरडा करून मोकळी होणारी ही गाणी पोरकट ठरली होती. लेनी के यांनी त्यांना मान दिला आणि पुस्तिकेत त्यांच्यासाठी ‘पंक रॉक’ हा शब्द वापरला. पंक म्हणून आज आपण जे ओळखतो ते यायला अजून काही वर्षं होती. ऱ्हायनो कंपनीने १९९८ मध्ये हाच संच चार सीडींचा आणि ११८ गाण्यांचा केला.

विसरली गेली म्हणजे मुळात ती चालण्यासारखी नव्हती, असं नाही का?

काहींच्या बाबतीत तसंच आहे, त्याबद्दल पुढच्या प्रश्नात. पण गाणं चालणं हा बराचसा वितरणाचा मामला असतो. साठच्या दशकात अमेरिकेतल्या कुठल्याही मध्यम शहरात चार पोरं बँड काढायची, गावातल्या स्टुडिओत दोन गाणी मुद्रित करायची आणि ४५ आरपीएमच्या (मिनिटाला ४५ फेरे घेणाऱ्या छोट्या रेकॉर्डच्या) ५०० किंवा १,००० प्रती काढायची. प्रती नाचाच्या कार्यक्रमांत विकायच्या, एखाददोन स्थानिक रेडिओ केंद्रांवर नेऊन द्यायच्या. शहराबाहेर माल नेणारा वितरक नसेल तर त्या गाण्याची हद्द रेडिओच्या मनोऱ्याच्या टप्प्यापुरतीच.

आणि चाललं तर? तेही संकटच. गाणं अचानक उचललं गेलं की छोट्या कंपनीला हजारो प्रती काढाव्या लागायच्या. कारखान्याला पैसे आधी द्यायचे, वितरकाकडून मात्र ते महिनोन्‌महिने यायचे नाहीत, कधी न विकलेला मालच परत यायचा. एका यशस्वी गाण्याने कंपनी बुडाल्याच्या कथा या संकलनांच्या पुस्तिकांत इतक्या वेळा येतात की त्यांचं नवल वाटेनासं होतं.

इतर देशांत कारणं जास्त क्रूर होती. कंबोडियात साठच्या दशकात आणि सत्तरच्या सुरुवातीला सिन सिसामुथ, रोस सेरेय सोथिआ यांच्यासारखे गायक तुफान लोकप्रिय होते. १९७५ मध्ये ख्मेर रूज सत्तेवर आले आणि पुढच्या चार वर्षांत हे गायक, त्यांचे वादक, त्यांच्या रेकॉर्ड्स, सगळंच नाहीसं झालं. इथिओपियात १९७४ मध्ये लष्करी राजवट आली, संचारबंदीने अदिस अबाबातलं रात्रीचं जीवन संपवलं, आणि ज्या अम्हा रेकॉर्ड्सने १९६९ पासून तिथलं आधुनिक संगीत छापलं होतं तिचा मालक देश सोडून गेला. सोमालियात १९८८ मध्ये हर्गेसा शहरावर बॉम्बवर्षाव झाला तेव्हा तिथल्या रेडिओच्या लोकांनी टेप आधीच बाहेर काढून ठिकठिकाणी लपवल्या, काही जमिनीत पुरल्या. त्या काळच्या टेपांमधून निवडलेलं ‘स्वीट अ‍ॅज ब्रोकन डेट्स’ हे संकलन २०१७ मध्ये ओस्टिनाटो रेकॉर्ड्सने काढलं.

आणि कधी गाण्याचं फक्त वेळापत्रक चुकतं. रूपा बिस्वास यांचा ‘डिस्को जॅझ’ हा अल्बम कॅनडातल्या कॅलगरीत मुद्रित झाला, त्यात आशिष खाँ यांचं सरोद आहे. प्रकाशित झाला १९८२ मध्ये, म्हणजे डिस्कोची लाट ओसरल्यावर. कोणी विचारलंही नाही. शिकागोच्या न्यूमेरो ग्रुपने तो २०१९ मध्ये पुन्हा काढला, तोवर मूळ प्रतींसाठी संग्राहकांची झुंबड सुरू झाली होती.

म्हणजे संकलनातलं प्रत्येक गाणं हे हरवलेलं रत्न असतं?

छे! पुस्तिकेत तसं लिहिलेलं असतं खरं. पण दुर्मीळ असणं आणि चांगलं असणं यांचा एकमेकांशी काही संबंध नाही, आणि हा घोटाळा संग्राहकांच्या जगात सर्रास होतो. पाचच प्रती उरलेल्या असल्या की सुमार गाण्यालाही तेज येतं. वीस गाण्यांपैकी चार जिवाला लागली, आठ पुन्हा ऐकावीशी वाटली आणि बाकीची त्या काळाची चव देऊन गेली, तर संकलन उत्तम समजावं. मालिकांमध्ये तर हे फारच दिसतं. पहिल्या दोन-तीन भागांत मलई संपते, मग नाव चाललंय म्हणून भाग निघत राहतात.

संकलकाला एवढं महत्त्व का?

कारण भूतकाळ तो रचतो. हे जरा मोठं वाक्य झालं, पण उदाहरणं पाहा.

सोल म्हणजे कृष्णवर्णीय अमेरिकनांचं साठच्या दशकातलं पॉप. पण ‘नॉर्दर्न सोल’ नावाचा संगीतप्रकार अमेरिकेत कधी अस्तित्वातच नव्हता. डेट्रॉइट, शिकागो, लॉस एंजेलिसच्या छोट्या कंपन्यांनी मोटाउन या बड्या सोल कंपनीसारखं काहीतरी करायचा प्रयत्न केला, तो फसला, रेकॉर्ड्स गोदामांत पडून राहिल्या. इंग्लंडच्या उत्तरेकडच्या औद्योगिक शहरांतली तरुण मंडळी मात्र रात्रभर नाचायला असाच जलद ठेका मागत होती. लंडनमध्ये रेकॉर्ड्सचं दुकान चालवणाऱ्या डेव्ह गोडिन यांनी उत्तरेच्या या आवडीला नाव दिलं. १९७० मध्ये ते ‘ब्लूज अँड सोल’ मासिकात छापून आलं. पुढे १९७३ ते १९८१ ‘विगन कसिनो’ या नृत्यगृहात या गाण्यांवर रात्री जागल्या. तिथले डीजे प्रतिस्पर्ध्यांना गाणं कळू नये म्हणून रेकॉर्डच्या लेबलवर दुसऱ्याच गायकाचं नाव चिकटवायचे. हे गायक एकमेकांना ओळखत नव्हते, एका चळवळीचे आहोत असं त्यांना वाटायचं कारणच नव्हतं. आज मात्र एस कंपनीच्या केंट शाखेची संकलनं लावली की ती सगळी एकाच घराण्याची वाटतात. ते घराणं ऐकणाऱ्यांनी आणि संकलकांनी मागाहून उभं केलेलं आहे.

दुसरं उदाहरण चरणजित सिंग यांचं. हिंदी चित्रपटसंगीतातले हे अनुभवी वादक. १९८२ मध्ये त्यांनी रोलंड कंपनीची नवी इलेक्ट्रॉनिक वाद्ययंत्रं घेतली आणि डिस्कोच्या ठेक्यावर दहा राग वाजवले. एचएमव्हीने रेकॉर्ड काढली, ती चालली नाही. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली तेव्हा जगभरचे श्रोते अवाक झाले, कारण शिकागोमध्ये १९८७ मध्ये ‘अ‍ॅसिड हाउस’ नावाने जे इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीत सुरू झालं त्याचा आवाज हुबेहूब असाच होता. बासचं यंत्रही तेच, टीबी-३०३. लगेच ‘अ‍ॅसिड हाउसचा जनक’ ही पदवी त्यांना चिकटली. आता शिकागोच्या त्या मुलांनी ही रेकॉर्ड ऐकली असण्याचं कारण नाही, आणि सिंग यांना डिस्कोची चलती दिसत होती, अ‍ॅसिड हाउस नव्हे. रेकॉर्ड अप्रतिम आहे. पण तिच्यावरची पाटी २०१० सालची आहे, १९८२ची नाही, एवढं ऐकताना लक्षात ठेवलेलं बरं.

म्हणून संकलन हातात घेतलं की पहिल्यांदा निवड कोणाची आहे ते पाहावं. संकलकाचं नावच नसेल तर सहसा पुढे जाऊ नये.

सुरुवात कशाने करू?

तुम्हाला आधीपासून जे आवडतं त्याच्या शेजारचं घ्या. मुलींच्या आवाजातलं साठचं पॉप आवडत असेल तर ऱ्हायनोचा २००५ चा ‘वन किस कॅन लीड टू अनदर’ हा चार सीडी आणि १२० गाण्यांचा संच. तो टोपी ठेवायच्या गोल डब्यात यायचा, त्यामुळे फळीवर नीट बसत नाही, पण निवड चोख आहे. गिटारचा गोंगाट आवडत असेल तर ‘नगेट्स’, आणि त्यानंतर थेट जपान: तिथल्या साठच्या दशकातल्या, ‘ग्रुप साउंड्स’ म्हणवल्या जाणाऱ्या गिटार बँडांचं ‘जीएस आय लव्ह यू’ हे १९९६ चं संकलन. सोलसाठी न्यूमेरोची ‘एक्सेंट्रिक सोल’ मालिका. तिचा प्रत्येक भाग साधारणपणे एकाच छोट्या कंपनीची कहाणी सांगतो, आणि मला विचाराल तर सगळ्या प्रकारांत हा प्रकार सगळ्यात वाचनीय आहे.

आफ्रिकेकडे वळायचं असेल तर साउंडवेचं ‘घाना साउंड्झ’ (२००२), अ‍ॅनालॉग आफ्रिकाचं बेनिन आणि टोगोवरचं ‘आफ्रिकन स्क्रीम कॉन्टेस्ट’ (२००८), आणि इथिओपियासाठी फ्रान्सिस फाल्सेतो यांची ‘एथिओपिक्स’ मालिका. ती १९९७ पासून चालू आहे आणि तिचे तिसाच्या आसपास खंड झालेत. पहिल्याच दिवशी सगळे घेऊन बसू नका. चौथा खंड मुलातू अस्तात्के यांचा आहे, निव्वळ वाद्यसंगीत, आणि बहुतेकांना तोच आधी धरतो. पेरूच्या इलेक्ट्रिक गिटारवाल्या कुंबिया या नृत्यसंगीतासाठी ‘द रूट्स ऑफ चिचा’ (२००७), थायलंडसाठी ‘द साउंड ऑफ सयाम’ (२०१०).

भाषा कळत नसेल तर मजा येते का?

येते, कारण पॉपचा अर्धा ऐवज ठेक्यात आणि आवाजाच्या फेकीत असतो. मात्र पुस्तिकेत गाण्याचा सारांश दिलेला असेल तर तो वाचाच. ‘किती रहस्यमय, किती उदास’ वाटलेलं गाणं एखाद्या पेयाची जाहिरात निघू शकतं. आणि परक्या देशातली ही गाणी पाश्चात्त्य पॉपची भ्रष्ट नक्कल आहेत, असा समज आधीच करून बसू नये. तुर्कस्तानात हुर्रियत या वृत्तपत्राने १९६५ ते १९६८ मध्ये ‘अल्तिन मिक्रोफोन’ स्पर्धा भरवली. तिची अटच अशी होती की तुर्की शब्द आणि देशी बाज पाश्चात्त्य वाद्यांवर बसवायचा. इलेक्ट्रिक गिटारवर लोकधुना वाजवणारी एक अख्खी पिढी त्यातून पुढे आली.

या गाण्यांचे हक्क असतात तरी कोणाकडे?

इथेच बहुतेक संकलनं अडकतात. प्रत्येक गाण्यात दोन वेगळे हक्क असतात: शब्द-चालीचा एक, आणि त्या विशिष्ट ध्वनिमुद्रणाचा दुसरा. पहिला गीतकार-संगीतकाराकडे किंवा त्यांच्या प्रकाशकाकडे, दुसरा रेकॉर्ड कंपनीकडे. छोटी कंपनी बुडाली की दुसरा हक्क कोणाकडे गेला हे शोधायला कधी दिवाळखोरीची कागदपत्रं चाळावी लागतात, कधी मालकाच्या नातवंडांचे उंबरठे झिजवावे लागतात. एकाच गाण्यावर दोघं दावा सांगतात आणि दोघांकडेही करार नसतो, असंही होतं.

मुदतीही देशागणिक वेगळ्या. भारतात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं टिकतो. युरोपीय संघात तो ५० वर्षं होता, नोव्हेंबर २०१३ मध्ये ७० झाला. पण १९६२ अखेरपर्यंत प्रकाशित झालेली ध्वनिमुद्रणं त्याआधीच मोकळी झाली होती. म्हणूनच पन्नाशीच्या दशकातल्या रॉक अँड रोलची स्वस्त युरोपीय संकलनं ढिगाने दिसतात, त्यातली पुष्कळशी कुणालाही न विचारता काढलेली आणि तरीही तिथे कायदेशीर. अमेरिकेत चित्र उलटं आहे. १९२३ पूर्वीची ध्वनिमुद्रणंसुद्धा तिथे १ जानेवारी २०२२ रोजी मोकळी झाली, आणि १९५७ ते फेब्रुवारी १९७२ मधल्या ध्वनिमुद्रणांवरचा हक्क २०६७ पर्यंत चालणार आहे.

मग कलाकारांना काही मिळतं का?

कोण काढतंय त्यावर आहे. एस, न्यूमेरो, लाइट इन द अ‍ॅटिक अशा कंपन्या परवाना घेऊन काम करतात, आणि कलाकाराला आयुष्यातला पहिला रॉयल्टीचा धनादेश अशाच पुनर्प्रकाशनातून मिळाल्याची उदाहरणं आहेत. दुसऱ्या टोकाला ‘कंबोडियन रॉक्स’. १९९६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये निघालेलं हे संकलन एका प्रवाशाने कंबोडियात विकत घेतलेल्या कॅसेटवरून केलेलं होतं. त्यावर ना गायकांची नावं होती, ना गाण्यांची. नावं पुढे श्रोत्यांनी आणि कंबोडियन लोकांनी मिळून शोधली. त्या संकलनामुळेच जगाला ते संगीत कळलं हे खरं. मारल्या गेलेल्या गायकांना निनावी करून विकलं हेही तितकंच खरं. मला ते ऐकताना दोन्ही गोष्टी आठवतात आणि त्यांचा मेळ लावता येत नाही.

रॉड्रिगेझ यांचं प्रकरण सर्वश्रुत आहे. डेट्रॉइटच्या या गायकाचा ‘कोल्ड फॅक्ट’ (१९७०) हा अल्बम अमेरिकेत पडला आणि दक्षिण आफ्रिकेत घराघरांत पोचला, पण अनेक वर्षं ना त्यांना याचा पत्ता लागला ना तिथल्या विक्रीचे पैसे त्यांच्यापर्यंत आले. लाइट इन द अ‍ॅटिकने २००८ मध्ये तो रीतसर पुन्हा काढला.

काही कलाकारांना मात्र भूतकाळ उकरलेला नको असतो. नायजेरियाचे विल्यम ओन्येआबोर यांनी १९७७ ते १९८५ मध्ये स्वतःच्या कंपनीतून एकामागून एक सिंथेसायझरचे अल्बम काढले, मग ते धर्माकडे वळले आणि त्या संगीताबद्दल बोलणंच बंद केलं. २०१३ मध्ये लुआका बॉप कंपनीने त्यांचं संकलन काढलं, जगभर कौतुक झालं, तरी हे गप्पच. तोही त्यांचा हक्क आहे.

मूळ टेपच हरवली असेल तर गाणं कुठून घेतात?

मिळेल ती उत्तम रेकॉर्ड घेऊन तिच्यावरून. तीन-चार प्रती जमवतात, ज्या प्रतीत जो भाग स्वच्छ असेल तो घेतात, जोडतात आणि मग टकटक, खरखर हाताने काढतात. यंत्राला सगळं साफ करायला सांगितलं तर ते खरखरीबरोबर झांजांची किणकिणही पुसून टाकतं. पुस्तिकेत ‘रेकॉर्डवरून घेतलेलं’ अशी प्रामाणिक नोंद असली की मी तरी त्या कंपनीवर जास्त विश्वास ठेवतो.

टेप सापडली म्हणजेही सुटलो असं नाही. सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या काही कंपन्यांच्या टेपवर चुंबकी भुकटी धरून ठेवणारा लेप हवेतला ओलावा शोषतो आणि चिकट होतो. तशीच यंत्रावर चढवली तर भुकटी खरवडून निघते आणि गाणं त्यासोबत जातं. अशी टेप साधारण ५० ते ५५ अंश सेल्सिअसला कित्येक तास मंद भाजतात. मग ती थोडे दिवस वाजण्याजोगी होते, तेवढ्यात नक्कल करून घ्यायची. त्याहून जुन्या, अ‍ॅसिटेटच्या टेपवर हाच उपाय केला तर नुकसान होतं, त्यामुळे आधी टेप ओळखावी लागते.

आणि मोठ्या कंपन्यांकडे सगळं सुरक्षित असतं हाही भ्रमच. १ जून २००८ रोजी हॉलिवूडमधल्या युनिव्हर्सल स्टुडिओच्या आवारात आग लागली, तिथल्या गोदामात युनिव्हर्सल म्युझिकच्या मास्टर, म्हणजे मूळ ध्वनिमुद्रणाच्या, टेप होत्या. किती गेल्या यावर वाद झाला, पण आगीचा हा भाग बाहेरच्या जगाला नीट कळला तो २०१९ मध्ये. उलट कधी निनावी टेपचा खोका पदरात पडतो. न्यूमेरोला ओहायोतल्या प्रिक्स कंपनीच्या जुन्या टेपांमध्ये ‘पेनी अँड द क्वार्टर्स’ एवढीच खूण असलेलं एक गाणं मिळालं. गाणारे कोण, हे कोणालाच माहीत नसताना ते २००७ च्या संकलनात घातलं. २०१० मध्ये ते एका चित्रपटात वाजलं, आणि त्यानंतरच गायिकेचा पत्ता लागला. ते कच्चं ध्वनिमुद्रण आहे, गिटार आणि गळे, बाकी काही नाही.

मोनो घेऊ की स्टिरिओ?

साठच्या दशकातल्या पॉपसाठी मोनो, डोळे मिटून. तेव्हा गाणी छोट्या रेडिओवर आणि एका स्पीकरच्या प्लेअरवर ऐकली जायची, त्यामुळे सगळी मेहनत मोनोवर व्हायची. स्टिरिओ आवृत्ती बऱ्याचदा नंतर उरकलेली: गायक उजव्या कानात, ढोल डाव्या कानात, मधे पोकळी. कॅपिटॉलसारख्या कंपन्या तर मोनो ध्वनिमुद्रणालाच गाळण्या लावून, खर्ज एका बाजूला आणि तीव्र स्वर दुसऱ्या बाजूला ढकलून ‘स्टिरिओ’ म्हणून विकत. सत्तरच्या दशकापासून पुढे हा नियम लागू नाही.

‘रीमास्टर्ड’ असं छापलं असेल तर आवाज चांगला असतोच ना?

नाही. नव्वदच्या दशकापासून आवाज मोठा करून चढउतार सपाट करण्याची चटक लागली, तिला अनेक पुनर्प्रकाशनं बळी पडली. ऐकून थकवा आला तर दोष गाण्याचा नसेल.

सीडी की रेकॉर्ड?

सीडीत ७५ मिनिटांच्या आसपास मावतं, म्हणजे अडीच मिनिटांची तीस गाणी. रेकॉर्डच्या एका बाजूला वीसेक मिनिटंच. त्यामुळे एकच संकलन दोन्ही रूपांत निघालं तर रेकॉर्डवर पुष्कळदा गाणी कमी असतात, खरेदीपूर्वी यादी ताडून पाहा. मला सीडी बरी वाटते, जाडजूड पुस्तिकेसाठी. पण सलग तीस अनोळखी गाणी ऐकू नयेत. पंधरानंतर कान आंधळे होतात.

स्ट्रीमिंगवर सगळं फुकट मिळत असताना हे कशाला?

सगळं मिळत नाही. संकलनाचा परवाना अनेकदा फक्त छापील प्रतीपुरता किंवा ठरावीक देशांपुरता असतो, त्यामुळे स्ट्रीमिंगवर त्याच संकलनातली गाणी करडी पडलेली, म्हणजे वाजवता न येणारी, दिसतात. मिळतं त्याबाबतही साल चुकीचं, लेखकाचं नाव गायब, आणि पुष्कळदा कलाकाराने म्हातारपणी पुन्हा गायलेली आवृत्ती मूळ म्हणून दिलेली.

गाणी आपोआप सुचवणाऱ्या शिफारशीच्या यंत्राने काही सापडतच नाही असं मात्र म्हणवत नाही. मारिया ताकेउची यांचं ‘प्लास्टिक लव्ह’ हे १९८४ च्या अल्बममधलं गाणं २०१७ नंतर यूट्यूबनेच जगभर पसरवलं, आणि जपानी सिटी पॉपची (तिथल्या सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या चकचकीत शहरी पॉपची) भूक त्यातून वाढली. ‘पॅसिफिक ब्रीझ’ हे रीतसर परवान्याचं संकलन २०१९ मध्ये आलं, म्हणजे यंत्राच्या मागून. फरक इतकाच की यंत्राने एकासारखं दुसरं दिलं; संकलनाने वादक कोण होते, स्टुडिओ कोणता, पैसा कुठून आला हे सांगितलं.

मूळ रेकॉर्ड विकत घ्यावी का?

खिसा जड असेल आणि झोप हलकी असेल तर घ्या. फ्रँक विल्सन यांच्या १९६५ च्या एका ४५ ची प्रत २००९ मध्ये २५ हजार पौंडांवर गेली. तेच गाणं संकलनांत किरकोळ खर्चात मिळतं.

चोरटी आवृत्ती कशी ओळखायची?

कंपनीचा ठावठिकाणा नाही, हक्काची ओळ नाही, ‘अमुक यांच्या परवान्याने’ असं कुठेच नाही, मुखपृष्ठाची छपाई धुरकट, पुस्तिका नाहीच: यातल्या तीन गोष्टी जमल्या की समजावं. तरी सरसकट नाकं मुरडू नयेत. ‘पेबल्स’सारख्या सत्तरच्या अखेरीस सुरू झालेल्या मालिकांचा परवान्याशी संबंध जेमतेम होता, पण त्यांनी उकरलं नसतं तर पुढे परवाना घ्यायलाही कोणाला काही सापडलं नसतं. आजच्या घडीला मात्र, हक्कदार शोधणं इतकं सोपं झालं असताना, ती सबब चालू नये.

एक गाणं फार आवडलं. त्या कलाकाराचं बाकीचं कसं शोधू?

आधी मनाची तयारी ठेवा, बाकीचं काही नसेल. पुष्कळांनी आयुष्यात एकच रेकॉर्ड केली. वश्ती बन्यान यांच्यासारखे अपवाद विरळा: १९७० चा अल्बम विकला गेला नाही म्हणून त्यांनी संगीत सोडलं, २००० मध्ये तो पुन्हा निघाला, आणि २००५ मध्ये त्यांनी दुसरा अल्बम केला.

गायकाचं नाव पुढे सरकेना तर लेबलवर कंसात बारीक अक्षरांत छापलेली लेखकाची, निर्मात्याची, संयोजकाची नावं बघा. गायक बदलत राहतात, पण पडद्यामागची तीन-चार माणसं एका शहरातल्या निम्म्या रेकॉर्ड्सवर असतात, आणि तुम्हाला आवडलेला तो आवाज बहुधा त्यांचाच असतो. डिस्कॉग्ज किंवा फॉर्टीफाइव्हकॅट या रेकॉर्ड्सच्या याद्या देणाऱ्या संकेतस्थळांवर त्या नावाने शोधलं की तीच माणसं दुसऱ्या लेबलांवर भेटतात. रेकॉर्ड हातात असेल तर शेवटच्या खाचेनंतरच्या गुळगुळीत पट्टीवर कोरलेले आकडे तिरप्या उजेडात वाचा. कारखाना कोणता आणि साल साधारण कोणतं ते त्यावरून कळतं. त्याच्या मागचा-पुढचा क्रमांक असलेल्या रेकॉर्ड्सही शोधून ऐका. त्या आठवड्यात त्याच कारखान्यात शेजारी काय छापलं जात होतं ते सापडतं, आणि ते कुठल्याच संकलनात आलेलं नसण्याची शक्यता बरीच असते.